अकरा पेरांची

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रयोगवहीत चिडचिड लिहिता येत नाही, म्हणून ही वेगळी वही. कॉलेजच्या कपाटातून उचलली आहे. इतकी वर्षं इमानेइतबारे प्राणिशास्त्र शिकवल्यावर एका वहीवर माझा एवढा हक्क पोचतो.

आज दुपारी एका मुलीची ईमेल आली. दूरच्या मोठ्या विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. 'आदरणीय मॅडम' अशी सुरुवात, दोन परिच्छेद नुसती स्तुती, आणि तिसऱ्यात सुरी. तुम्ही दहा वर्षांपूर्वी वर्णन केलेली जात मला तीन तळ्यांत मिळाली, पण तीन वर्षांत अंडी असलेली मादी एकही दिसली नाही. तुम्हाला दिसली होती का? ही वेगळी जात नसून नेहमीच्याच जातीची पिल्लं असतील, हे तपासलं होतंत का? मूळ स्लाइड बघायला मिळेल का?

काल अंड्यातून बाहेर आलेली पोरगी, आणि मला पिल्लं ओळखायला शिकवते!

राग जरा उतरला आहे, तेव्हा नीट लिहिते. सायक्लॉप्स म्हणजे तळ्याच्या पाण्यातला मिठाच्या कणाएवढा, एकाच डोळ्याचा जीव. कोळंबीचा लांबचा गरीब नातेवाईक. त्याच्या जाती एकमेकींसारख्या इतक्या, की मिशीची पेरं मोजून ओळखाव्या लागतात. आमच्याकडच्या नेहमीच्या जातीच्या मिशीला सतरा पेरं. मला खाणीच्या तळ्यात जी सापडली तिला अकरा. आता गोची अशी, की नेहमीच्या जातीचं पिल्लूसुद्धा शेवटची कात टाकण्याआधी अकराच पेरांचं असतं. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते, त्यामुळे मला ते ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण मोठ्या झालेल्या मादीच्या पोटाशी वीर्य साठवायची एक छोटी पिशवी असते, पिल्लाला ती नसते. माझ्या आकृतीत ती पिशवी आहे. मग प्रश्न मिटला.

ही जात मिळाली ती ठकी गेल्याच्या पुढच्या वर्षी. ठकी आमची मुलगी. नऊ वर्षांची होती, सहा दिवसांच्या तापात गेली. घरात ठकी, शाळेत तिचं खरं नाव. त्या खऱ्या नावाला लॅटिन शेपटी जोडून मी ते या जातीला दिलं. शोधनिबंधाचं पहिलं पान ह्यांनी चौकटीत घालून खाली दुकानात लावलं आहे, बिघडलेल्या घड्याळांच्या बरोबर वर. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या मुलीच्या नावाचा जीव आहे, जगाच्या यादीत." गिऱ्हाईक बिचारं आपलं घड्याळ कधी मिळेल ते विचारायला आलेलं असतं.

ईमेलचं ह्यांना सांगितलं नाही. "चेहरा का असा?" म्हणाले. म्हटलं, "पेपर तपासतेय."

५ फेब्रुवारी, बुधवार

स्लाइड काढून बघितली. काचेच्या कडा गुलाबी नेलपॉलिशने बंद केलेल्या आहेत. बिनरंगी वापरतात खरं तर, पण त्या वर्षी घरात हीच बाटली होती. ठकीची. माझ्या बहिणीनं तिला वाढदिवसाला दिलेली.

पिशवी दिसली नाही.

उजेड बदलला, भिंग बदललं, चष्मा काढला, पुन्हा लावला. जिथे पिशवी काढली आहे तिथे एक सुरकुती आहे, दाबली गेल्यामुळे पडलेली असावी. किंवा पिशवीच असेल आणि दहा वर्षांत विरली असेल. तसंही होतं. दुसऱ्या तिन्ही नमुन्यांत तर सुरकुतीसुद्धा नाही. मग तेव्हा मी काय बघून काढलं?

वर्ग घेतला तो नीट झाला नाही. मुलांना काही कळलं नाही, त्यांना एरवीही कळत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हे हसण्यावारी नेतील. हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे ती जात नाहीच?"

"तसं नाही म्हटलं मी. शंका आहे."

"शंका कुणाला, तिला की तुला?"

मी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "खरं-खोटं करायचं कसं?"

म्हटलं, सोपं आहे. जिवंत पकडायच्या, एकेकीला वेगवेगळ्या काचेत ठेवायचं आणि वाट बघायची. मोठी झालेली कधी कात टाकत नाही. पिल्लू टाकतं, आणि त्यातून सतरा पेरांची बाहेर येते. काचेच्या तळाशी रिकामी कात पडलेली दिसली की समजायचं. पंधरा दिवसांत सोक्षमोक्ष.

"कात डोळ्यांनी दिसते?"

"तुमच्या लेन्समधून दिसेल. पारदर्शक असते, पण दिसते."

"आणि मोठी झालेली लगेच ओळखू येते?"

"अंगानं मोठी दिसते. दीडपट म्हणा ना." इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या किड्यांबद्दल सलग इतके प्रश्न विचारले नव्हते. बरं वाटलं. काचा कुठे ठेवायच्या म्हटल्यावर स्वतःच म्हणाले, "खाली माझ्या खिडकीशी ठेव. उजेड चांगला असतो." जुन्या घड्याळांच्या दहा गोल काचाही काढून दिल्या. खोलगट, स्वच्छ, एक चमचा पाणी मावेल अशा. माझ्या चिरफाडीच्या सुयाही आजवर ह्यांनीच घासून दिल्या आहेत. कॉलेजच्या सुयांनी सायक्लॉप्स उघडायचा म्हणजे कुदळीनं शिवण उसवायची.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खाणीच्या तळ्यावर जाऊन जाळीनं पाणी काढलं. दिवसभर मान मोडून निवडलं. दहा मिळाल्या, सगळ्या अकरा पेरांच्या. दहा काचा, कागदाच्या चिठ्ठीवर एक ते दहा नंबर, वर झाकण, प्रत्येकीत गवत कुजवलेल्या पाण्याचा एक थेंब, तेच जेवण. उरलेलं तळ्याचं पाणी मोठ्या बाटलीत खिडकीखाली ठेवलं आहे. त्यात शेकडो असतील.

मला काय व्हावंसं वाटतं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःला फसवायला नको. कात पडू नये असं वाटतं. शास्त्रज्ञानं असं वाटून घेऊ नये. वाटतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घात झाला. सकाळी खाली गेले तर दोन नंबरची काच कोरडी, टेबलावर ओला डाग. आत कुणी नाही. हे गुडघ्यांवर बसून, डोळ्याला लेन्स लावून जमीन धुंडाळत होते. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "स्क्रू पडलाय." मी म्हटलं, तुम्हाला स्क्रू सुचतोय, इथे माझी दोन नंबर गेली.

मावशींना हाक मारली. मावशी सहा वर्षं आमच्याकडे केरफरशी, भांडी करतात. म्हटलं, "मावशी, या टेबलावर फडकं फिरवलंत ना?"

"नाही ताई. त्या टेबलाला मी हात लावत नाही. दादांनीच सांगितलंय."

"मग काच काय आपोआप उपडी झाली?"

"मला काय माहीत. मी आत्ता तर चप्पल काढली."

मी जरा जास्तच बोलले. काम करायचं तर डोळे उघडे ठेवून करा, असं काहीतरी. हे तिथेच होते, पण तोंडात मूग गिळून बसले. एरवी मावशींची बाजू घ्यायला पहिले पुढे असतात. मावशी हात पुसत म्हणाल्या, "सहा वर्षांत एक चमचा हरवलाय का तुमचा?" आणि निघून गेल्या.

उरलेल्या नऊ ठीक. कात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मावशी आल्या नाहीत. ह्यांनी न सांगता भांडी घासली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हा प्रसंग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

कात नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सहावा दिवस, कात नाही. नऊच्या नऊ अकरा पेरांच्याच.

चार नंबर मात्र परवा मोजली त्याहून लहान भरली. जीव वाढेल किंवा तेवढाच राहील, आखूड कसा होईल? मोजपट्टीचं भिंग सैल झालं असावं. मायक्रोस्कोपच्या फोकसचं चाकही मी ठेवते त्यापेक्षा वेगळ्या जागी होतं. यंत्र म्हातारं झालं, मीही. पुन्हा मोजलं, तेच आलं. परवाचा आकडा खोडून आजचा लिहिला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हल्ली हे माझ्याआधी उठतात. आज साडेसहाला खाली गेले तर दिवा लावून, लेन्स लावून, माझ्या काचांवर वाकलेले. हातात माझा ड्रॉपर.

"काय करताय?"

दचकले. मग म्हणाले, "पाणी कमी झालं होतं. थेंब घातला."

"कुठलं पाणी घातलंत?"

"बाटलीतलंच गं. तळ्याचं."

किती काळजी घेतात. माझे डोळे भरून आले. ठकी आजारी होती तेव्हा मी तिच्या उशाशी होते आणि हे असेच सारखे दारात येऊन उभे राहायचे. करण्यासारखं काही नसायचं ह्यांच्या हातात. गेल्यावर महिनाभर दुकान उघडलं नाही, आणि पुढे दहा वर्षं तिच्याबद्दल चकार शब्द नाही. गिऱ्हाइकांशी ते 'आमच्या मुलीच्या नावाचा जीव' तेवढंच. मला आज वाटलं, ह्या काचांच्या निमित्तानं का होईना, आम्ही दोघं पुन्हा एका कामात आलो.

कात नाही. खरंच नाही!

२२ फेब्रुवारी, शनिवार

तेरावा दिवस. नऊ काचा, नऊ सायक्लॉप्स, अकरा-अकरा पेरं, एकही कात नाही. पिल्लू असतं तर या उबेत कधीच कात टाकून मोकळं झालं असतं. म्हणजे मोठ्या झालेल्याच आहेत. म्हणजे जात वेगळी. पिशवी विरली असेल, अंड्यांचा हंगाम वेगळा असेल, ते पुढचे लोक बघतील.

ठकीचं नाव राहिलं.

त्या मुलीला लिहिलं. तक्ता जोडला. शेवटी एक वाक्य घातलं: 'ज्येष्ठांच्या कामावर शंका घेण्याआधी स्वतः एवढे तेरा दिवस बसून पाहिले असतेत तर बरे झाले असते.' आणि प्रत तिच्या मार्गदर्शकांना. टोचेल. टोचू दे.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "झालं ना मग? आता काढून टाक हे सगळं टेबलावरून." आनंद झाल्यासारखे दिसले नाहीत. जेवलेही अर्धंच. झोप होत नाही त्याचा परिणाम.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचं उत्तर, दोन ओळी. 'आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभारी आहे. चूक माझी होती.' जिंकल्यावर जेवढा आनंद व्हायचा तेवढा झाला नाही. बदली बाई मिळाली नाही, तीन जणींनी नाही म्हटलं. मावशींनी काय सांगून ठेवलंय कोण जाणे.

२ मार्च, रविवार

झोपण्याआधी हे लिहून टाकते.

सकाळी हे बाहेर गेले होते. मायक्रोस्कोपचा एक स्क्रू सैल झाला म्हणून बारीक पेचकस शोधायला मी ह्यांचं कपाट उघडलं. बंद पडलेल्या घड्याळांच्या ट्रेमागे एक बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. पाण्यात पांढरे कण उड्या मारत होते. काखेत कळसा म्हणतात, तसा माझ्याच घरात.

एक थेंब काढून भिंगाखाली धरला. सतरा पेरं. दुसरा थेंब, सतरा. तिसऱ्यात एक मादी, पोटाच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या, टच्च भरलेल्या. नेहमीची जात. दहा वेळा मोजलं. दहा वेळा मोजायची काही गरज नव्हती, पहिल्यांदाच कळलं होतं.

चार नंबर लहान का झाली, फोकसचं चाक कुणी हलवलं, पाणी कशाला घातलं, सगळं एकदम कळलं. एखाद्या विद्यार्थ्यानं असा तक्ता आणला असता तर मी दोन मिनिटांत पकडला असता.

हे आले. बरणी टेबलावर होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि टोपी काढून खुर्चीत बसले.

"किती आहेत?" मी विचारलं.

"तेवीस. पहिली सोडून. ती पडली हातातून, दोन नंबरची. अर्धा तास शोधली, सापडली नाही."

"आणि मावशींना मी बोलत होते तेव्हा?"

"तेव्हा मी बोललो नाही," म्हणाले. एवढंच.

रोज पहाटे उठून काचा बघायचे. जिनं कात टाकली असेल ती उचलून बरणीत, कातही उचलायची, आणि बाटलीतलं नवीन पिल्लू तिच्या जागी. ड्रॉपरनं, लेन्स लावून. माणसाच्या नखावर चार मावतील अशी घड्याळाची चाकं बसवणारा हात, त्याला हे काय अवघड? मीच शिकवलं होतं, कात कशी दिसते, मोठी झालेली केवढी असते. तरी शेवटी शेवटी पेरंसुद्धा मोजायला लागले होते, माझ्याच मायक्रोस्कोपवर.

"बेसिनमध्ये ओतून टाकल्या असत्या तर मला कधी कळलं नसतं," मी म्हटलं. "ठेवल्यात कशाला?"

"मोठ्या झाल्या होत्या गं," हे म्हणाले. "मोठ्या झाल्यावर कशा टाकणार?"

मला ओरडायचं होतं. पण ओरडणार कुणावर? दहा वर्षांपूर्वी नसलेली पिशवी मी काढली, आता ह्यांनी पडलेली कात उचलली. माझ्याहून ह्यांचं काम सफाईदार, एवढाच काय तो फरक. दोघं जेवलो नाही.

५ मार्च, बुधवार

कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायची गरज आहे का? जगात या एक मिलिमीटरच्या जिवाची ज्यांना फिकीर आहे अशी माणसं एका जीपमध्ये बसतील. त्यातल्या एकीनं माझं म्हणणं मान्य केलंय. कुणाचं काही अडलेलं नाही. ह्यांचं मात्र सगळं त्या चौकटीवर टांगलेलं आहे.

दिवसातून दहा वेळा हेच घोळवते आणि दहा वेळा पटतं. पटलेली गोष्ट इतक्यांदा का घोळवावी लागते ते कळत नाही.

९ मार्च, रविवार

मुलीची मोठी ईमेल आली. माझ्यावर रागावलेली असती तर सोपं गेलं असतं. माफी मागितली आहे. मार्गदर्शकांनी माझं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पिल्लू आणि मोठी यांतला फरक जिला कळत नाही तिची बाकीची ओळखही विश्वासार्ह नाही, असं म्हणून तिचं तीन वर्षांचं काम बाजूला ठेवलं. चारशे नमुने पहिल्यापासून पुन्हा. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. 'मला आता स्वतःच्या डोळ्यांवरच भरवसा वाटत नाही. आपण एवढ्या वर्षांच्या अनुभवी आहात, पिल्लू ओळखताना आपण नेमकं काय बघता ते सांगाल का? म्हणजे मी पुन्हा चुकणार नाही.'

तिचे डोळे बरोबर होते. तीन तळ्यांवर उभं राहून तिनं जे बघितलं ते खरं होतं. आणि मी तिला ते खोटं मानायला लावलं.

ह्यांना वाचायला दिलं. चष्मा लावून सावकाश वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

"केवढी असेल ही?"

"असेल सव्वीस-सत्तावीसची."

"आपली वीसची झाली असती," हे म्हणाले. दहा वर्षांत पहिल्यांदा. मी गप्प राहिले, बोलले असते तर हे थांबले असते. पण ते थांबलेच. बराच वेळ फोनचा पडदा काळा होईपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, "लिही तिला. खरं काय ते लिही."

"मग ते नाव जाईल."

"हिचं सगळंच चाललंय," म्हणाले.

१० मार्च, सोमवार

कॉलेजहून परस्पर मावशींच्या घरी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, असं म्हटलं. मावशी निवडत असलेलं ताट बाजूला न ठेवता म्हणाल्या, "दादा काल येऊन गेले. सांगितलं त्यांनी."

मला हे माहीत नव्हतं.

"मग येता ना उद्यापासून?"

"नाही ताई. दुसरं घर धरलंय." मग म्हणाल्या, "राग नाही माझा. पण आता तुमच्याकडे काही पडलं-फुटलं, की मला आधी माझीच भीती वाटंल." चहा केला. साखर जास्त होती, मी निमूट प्याले.

११ मार्च, मंगळवार

पत्र लिहायला बसले. मुलीला, प्रत मार्गदर्शकांना. मागच्या वेळी घातलेल्या त्या वाक्याबद्दल आधी माफी मागितली, मग बाकीचं.

हे शेजारी येऊन बसले. विचारलं, "नावाचं नक्की काय करतात?"

"पुसत नाहीत. यादीत जुन्या नावाच्या खाली बारीक अक्षरात ठेवतात. हिलाच चुकून असंही म्हटलं होतं, म्हणून."

"चुकून," हे म्हणाले.

"हो."

माझी अडचण वेगळीच होती. बरणीतल्या मोठ्या झालेल्या माद्या दाखवून कुणाचं समाधान होणार नाही. त्या पिल्लांतूनच झाल्या, कधी झाल्या, याची नोंद लागते, आणि माझ्या तक्त्यात तर तेरा दिवस कात नाही असंच लिहिलेलं. ह्यांना म्हटलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल, तोवर त्या पोरीचा जून उजाडेल.

हे खाली गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले. दुरुस्तीच्या घड्याळांना दोऱ्यानं बांधतात त्या पिवळ्या चिठ्ठ्या, तेवीस. माझ्यासमोर ठेवल्या. "हे चालेल का बघ. वेळ बरोबर आहे, दुकानातल्या मोठ्या घड्याळाची." प्रत्येकीचा नंबर आणि तारीख, आणि जिनं ह्यांच्या डोळ्यांसमोर कात टाकली तिची वेळ, किती मिनिटं लागली, सगळं टिपलेलं. लपवायचं होतं ते इतक्या नीट का टिपून ठेवलं, हे मी विचारलं नाही.

चालेल म्हटलं. याहून चांगली नोंद मीसुद्धा ठेवली नसती. पत्रात लिहिलं की निरीक्षण माझं नाही, माझ्या यजमानांचं आहे, व्यवसाय घड्याळदुरुस्ती. त्यांनी काय केलं आणि का केलं तेही दोन ओळींत लिहिलं. ह्यांना वाचून दाखवलं. मान हलवली.

मग एकेक चिठ्ठी टाइप करत गेले. हे वाचत होते, मी उतरवत होते. सहा नंबर, पहाटे पाच पन्नास, अठरा मिनिटं. एक नंबर, सहा वाजून पाच, बावीस मिनिटं. पाच नंबरच्या चिठ्ठीशी हे थांबले आणि ती माझ्याकडे सरकवली. मीच वाचली.

'नं. ५. मंगळवार १८. सकाळी ६.१२. कातीतून निम्मी बाहेर. मग काही हालचाल नाही. ६.२०, नाही. ६.३०, नाही. मला वाटलं गेली. ६.३४, हलली. सगळी बाहेर आली. मोठी झाली.'

शास्त्राच्या तक्त्यात 'मला वाटलं गेली' असं लिहीत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या वहीत मी त्यावर लाल रेघ मारली असती. जसंच्या तसं टाइप केलं आणि सहा नंबरच्या चिठ्ठीकडे... नाही, ती झाली होती. सातची घेतली.